बागेतील मधमाश्या उन्हाळ्यात कोठे जातात?

सेवानिवृत्तीनंतर बहुतेकांना एखादा छंद जडतो. मला तो बागेचा जडला. पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत थोडी मोकळी जागा होती. तेथे मी आणि आमच्या सौभाग्यवतींनी मिळून एक लहानशी परसबाग उभी केली. तुळस, कढीपत्ता, लिंबू, शेवगा, थोडी फुलझाडे आणि उन्हाळ्यात एखाददुसरा वेल असे तिचे साधे स्वरूप आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या बागेत लाल भोपळ्याचा वेल लावला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो पिवळ्याधमक फुलांनी भरून गेला. मादी फुलांच्या देठाशी सुपारीएवढे इवले भोपळेही दिसू लागले. पण तीन-चार दिवसांत एकेक करून ते पिवळे पडले आणि गळून गेले. खत घातले, पाणी वाढवले, दुपारच्या उन्हाला आडोसा केला. गळ काही थांबेना. शेवटी संस्थेच्या माळीबुवांना विचारले. त्यांनी वेलाकडे न पाहता वर आकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, खतानं काय व्हतंय? बागेत माशीच न्हाई. माशी फिरल्याबिगर भोपळा धरत न्हाई.”

त्यांचे म्हणणे ऐकून मी मनातून चपापलो. त्याला एक कारण होते, ते लेखाच्या ओघात पुढे येईलच. परंतु त्या दिवसापासून मी मधमाश्यांकडे पाहू लागलो, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि जाणकारांना विचारू लागलो. त्यातून जे समजले ते आपल्या नियतकालिकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘मधमाश्या नाहीशा होत आहेत’ हे वाक्य आपण आता वर्तमानपत्रांतून वारंवार वाचतो. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील अनेक मधपाळांच्या पेट्यांतून कामकरी माश्या अचानक दिसेनाशा झाल्या. राणी व पिल्ले मागे राहत, मधही शिल्लक असे. माश्या मात्र परतत नसत. तेव्हापासून हा विषय जगभर चर्चेत आला. तथापि अमेरिकेतील पेट्यांचे निदान आपल्या बागेला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. आपल्याकडील माश्या वेगळ्या, ऋतू वेगळे आणि अडचणीही वेगळ्या. ‘माझ्या बागेत मधमाशी दिसत नाही’ आणि ‘मधमाश्या नष्ट झाल्या’ या दोन विधानांत बरेच अंतर आहे. ते अंतर नीट मोजल्याशिवाय उपाय सापडत नाही.

माशी एक नव्हे, अनेक

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपण ज्यांना सरसकट ‘मधमाशी’ म्हणतो त्यांच्यात अनेक जाती आहेत आणि त्यांचे स्वभाव भिन्न आहेत.

सर्वांत मोठी ती आग्या माशी. उंच कडे, मोठे वृक्ष, पूल, पाण्याच्या टाक्या अशा ठिकाणी ती उघड्यावर एकच प्रचंड पोळे बांधते. हे पोळे मीटरभर किंवा त्याहूनही रुंद असू शकते आणि त्यावर हजारो माश्यांचा पडदा पसरलेला असतो. ही माशी पेटीत राहत नाही.

दुसरी सातेरी. ही आपली मूळची भारतीय माशी. झाडाची ढोली, खडकाची कपार, जुन्या भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती एकामागे एक समांतर पोळी बांधते. अंधारात राहण्याच्या या सवयीमुळेच तिला पेटीत पाळता येते. महाबळेश्वरच्या परिसरातील मधपाळांचा व्यवसाय या माशीवर उभा राहिला.

तिसरी फुलोरी. आकाराने लहान, स्वभावाने भित्री. झुडपाच्या एखाद्या फांदीभोवती तळहाताएवढे एकच पोळे ती बांधते. चौथी त्याहूनही इवलीशी, डंख नसलेली काळसर माशी. भिंतीच्या फटीत, खांबाच्या पोकळीत ती राहते आणि दाराशी मेणाची बारीक नळी काढते. पुष्कळांना ती मधमाशी आहे हेच ठाऊक नसते.

पाचवी मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आणलेली माशी. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात नगरोटा येथे १९६२ साली ती भारतात यशस्वीपणे रुजवण्यात आली. हरियाणा किंवा राजस्थानात बदलीवर असलेल्या आपल्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या शेतांच्या कडेला ओळीने मांडलेल्या लाकडी पेट्या पाहिल्या असतील. त्या प्रायः हिच्याच असतात.

म्हणून बागेत माशी दिसेनाशी झाली, तर पहिला प्रश्न असा विचारावा की, कोणती माशी? मी हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा लक्षात आले की इतकी वर्षे बागेत वावरूनही त्यांतील दोन माश्यासुद्धा मला वेगळ्या ओळखता येत नव्हत्या.

उन्हाळ्यातील दिनक्रम

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. उन्हाळ्यात आपण बागेत कधी जातो? सकाळची कामे आटोपून नऊ-दहा वाजता, नाहीतर सुट्टीच्या दिवशी दुपारी. मधमाश्यांच्या दृष्टीने ही उशिराची वेळ आहे.

पोळ्यातील पिल्लांची वाढ नीट व्हावी म्हणून तेथील उष्णता सुमारे ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखावी लागते. त्याहून ती फार वाढली तर पिल्ले दगावतात आणि मेणही मऊ पडते. बाहेर पारा चाळिशीकडे गेला की कामकरी माश्यांपुढे मध गोळा करण्यापेक्षा घर थंड ठेवण्याचे काम मोठे होते. काही माश्या पाणी आणून ते पोळ्यात बारीक थेंबांच्या रूपाने पसरतात, तर काही जणी एका जागी उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होताना घर थंड होते. आपल्या घरातील कूलर याच तत्त्वावर चालतो.

अर्थात, मे महिन्यात दुपारी फुलांवर माशी नसेल तर ती नाहीशी झाली असे नव्हे. ती नळाच्या गळक्या तोटीपाशी किंवा टाकीच्या ओल्या कडेला असू शकते. फुलांवरचे काम ती सूर्य उगवताच उरकते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि सकाळ सरता सरता मिटते. त्यातील परागकण जड व चिकट असल्यामुळे वाऱ्याने वाहून जात नाहीत. नराच्या फुलातील पराग मादीच्या फुलापर्यंत त्या मोजक्या तासांतच पोहोचले पाहिजेत. म्हणून माशी आली की नाही, हे पाहायचे असेल तर सकाळी साडेसहा-सात वाजता वेलापाशी उभे राहावे लागते.

मी तसा उभा राहू लागलो. तुळशीच्या मंजिऱ्यांवर लहान फुलोरी माश्या येत होत्या. कढीपत्त्याच्या पांढऱ्या तुऱ्यांवरही त्या दिसत. भोपळ्याच्या मोठ्या फुलांत मात्र मुंग्यांखेरीज कोणी फिरकत नव्हते. बाग सर्वस्वी रिकामी नव्हती. तिच्यातून कोणीतरी ठराविक पाहुणा उणा झाला होता.

स्वाभाविक घट

उन्हाळ्यात मधमाश्या कमी दिसण्याची काही कारणे निसर्गक्रमातीलच आहेत.

आग्या माशी ही स्थलांतर करणारी माशी आहे. ज्या प्रदेशात फुलोरा असेल तेथे तिच्या वसाहती जातात आणि तो सरला की पोळे सोडून निघतात. सपाटीवरील फुले सुकू लागली की त्यांचा ओढा रानाकडे व डोंगराकडे असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते, त्यापाठोपाठ हिरडा फुलतो. शहरातील बागा ओस पडत असताना डोंगरात मधाचा हंगाम ऐन भरात असू शकतो.

सातेरी माशीसुद्धा अन्न-पाणी संपले, ऊन असह्य झाले किंवा पोळ्यात मेणकिडा शिरला तर घर सोडून जाते. पाळलेल्या सातेरीच्या पेट्या अशा रिकाम्या होणे मधपाळांना नवे नाही. मेलिफेराला फुले नसलेल्या महिन्यांत साखरेचा पाक द्यावा लागतो. याखेरीज वेडा राघू नावाचा हिरवा पक्षी माश्या टिपतो, गांधीलमाश्या पोळ्याच्या दाराशी टपून बसतात. हे सारे पूर्वीपासून चालत आले आहे आणि मधमाश्या त्यातून तरून आल्या आहेत.

रोगांचा धक्का मात्र अधिक जबर असतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या पेट्यांचा अक्षरशः संहार केला. या रोगात अळीचे पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे रूप होते आणि ती मरते. बहुसंख्य वसाहती गेल्या व हजारो मधपाळांचा जोडधंदा बुडाला. पुढील वर्षांत काही वसाहती रोगाला पुरून उरल्या आणि त्यांच्यातून सातेरी पुन्हा हळूहळू वाढली. पुन्हा वाढायला तिच्यापाशी रान होते, ढोल्या होत्या, फुले होती, हे येथे विसरून चालणार नाही.

आपल्या हातून होणारी घट

निसर्गक्रमातील घट भरून निघते. आपल्या हातून होणारी घट भरून निघायला मात्र वाव राहत नाही.

पहिली गोष्ट निवाऱ्याची. जुना वृक्ष धोकादायक म्हणून तोडला जातो, तेव्हा त्याच्या ढोलीतील सातेरीचे घर जाते. जुन्या दगडी भिंतीच्या जागी गुळगुळीत सिमेंटची भिंत आली की बिनडंखाच्या माशीला फट उरत नाही. मेंदीचे कुंपण दर महिन्याला यंत्राने कातरले की फुलोरीला फांदी उरत नाही.

दुसरी गोष्ट फुलांची. आपल्या आधुनिक बागा रंगीत असतात. पण माशीच्या दृष्टीने त्या पुष्कळदा रिकाम्या असतात. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते, त्यामुळे पराग फारसा नसतो. बोगनवेलीचा जो रंग आपण पाहतो तो फुलाचा नसून फुलाभोवतीच्या पानांचा असतो. हिरवळ तर दर आठवड्याला कापली जाते. पूर्वी ज्याला आपण तण म्हणून हिणवत असू त्या रानफुलांवरच माश्यांचे दिवस निघत.

तिसरी गोष्ट विषाची. निओनिकोटिनॉइड या वर्गातील कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात आणि तेथून मकरंदात व परागातही उतरतात. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर अतिसूक्ष्म खूणचकत्या चिकटवून त्यांच्या ये-जा करण्याची नोंद घेतली. या वर्गातील थायामेथोक्झाम या औषधाची अल्प मात्रा दिलेल्या माश्यांपैकी अधिक माश्या घरी परतू शकल्या नाहीत. माशी तत्काळ मरत नाही, वाट चुकते; आणि वाट चुकलेली माशी वसाहतीच्या दृष्टीने मेल्यातच जमा असते. अशा तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली. आपल्या घरातील कुंडीवर मारण्यासाठी आपण दुकानातून जी बाटली आणतो, तिच्यावरील बारीक अक्षरे या दृष्टीने वाचण्यासारखी असतात.

चौथी गोष्ट अगदी किरकोळ वाटेल. फुले कमी झाली की माश्या गोड पदार्थांकडे वळतात. उन्हाळ्यात रसवंतीगृहाच्या चरकाभोवती घोंगावणाऱ्या माश्या आपण पाहतोच. तमिळनाडूतील संशोधकांनी २०११ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की, चहा-कॉफी व सरबताच्या दुकानांबाहेर फेकलेल्या कागदी पेल्यांतील साखरेच्या थेंबांकडे मधमाश्या आकर्षित होतात आणि त्या पेल्यांतच मोठ्या संख्येने मरून पडतात. आपल्या बागेतून उणी झालेली माशी कदाचित नाक्यावरच्या कचरापेटीत असेल, ही कल्पना मला फार अस्वस्थ करून गेली.

टाकीवरचे मोहोळ

आता माझ्या चपापण्याचे कारण सांगतो.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीला सलग तीन वर्षे दिवाळीच्या सुमारास आग्यामोहोळ लागत असे आणि उन्हाळा तापला की ते आपोआप उठून जात असे. गच्चीचा तो कोपरा वर्दळीचा नव्हता आणि त्या तीन वर्षांत कोणाला एक डंखही झाला नव्हता. तरीही भोपळा लावला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सभासदांच्या बैठकीत विषय निघाला. लहान मुले आहेत, वृद्ध आहेत, उद्या काही झाले तर जबाबदार कोण? भीती अवाजवी नव्हती. आग्या माश्या चवताळल्या तर माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे खरेच आहे. एका पेस्ट कंट्रोलवाल्यास बोलावण्याचा ठराव झाला. रात्री त्यांनी औषध फवारले आणि पोळे पाडले. सकाळी गच्चीवर माश्यांचा काळा सडा पडला होता. सफाई कामगाराने तो दोन पोत्यांत भरून नेला.

संस्थेचा खजिनदार या नात्याने त्या कामाच्या धनादेशावर माझी सही होती. बँकेत आयुष्यभर सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची सवय लागलेला मी, त्या दिवशी मात्र काहीही न विचारता सही करून मोकळा झालो.

पुढे वाचनात एक गोष्ट आली. आसाममधील आग्या माश्यांवरील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. स्थलांतर करून गेलेल्या वसाहती काही महिन्यांनी परत आल्या, तेव्हा संशोधकांनी त्यांची जनुकीय तपासणी केली. त्यांतील काही वसाहती पूर्वीच्याच जागी परतल्याचे त्यातून दिसून आले. कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचे. म्हणजे गेलेल्या माश्यांपैकी कामकरी माश्या परत आलेल्या नसणार. तरीही वसाहत आपली जागा शोधून काढते. ती कशी, हे कोडेच म्हणावे लागेल.

हे वाचल्यावर आमच्या टाकीवर ‘दरवर्षी मोहोळ लागते’ या वाक्याचा अर्थ बदलला. दरवर्षी कोणी तरी नवे येत होते असे नसेल. एकच कुटुंब आपल्या ओळखीच्या घरी येत असेल. त्या फेब्रुवारीनंतरच्या दिवाळीत टाकीवर कोणी आले नाही. त्यानंतरच्या दिवाळीतही नाही.

भोपळे गळाले ते सर्वस्वी याच कारणाने, असे मी म्हणणार नाही. कडक उन्हात वेलाला नर फुले अधिक येतात आणि फलधारणा एरवीही कमी होते. परंतु पहाटे भोपळ्याच्या मोठ्या फुलात शिरणारी, अंगभर पराग माखून घेणारी मोठी माशी त्या एप्रिलमध्ये बागेत नव्हती, हे माळीबुवांनी माझ्या आधी ओळखले होते.

यात किती बिघडते?

मधमाशी संपली की चार वर्षांत मानवजात संपेल, असे एक वचन आइनस्टाइन यांच्या नावावर सर्वत्र फिरते. त्यांनी तसे म्हटल्याचा विश्वसनीय पुरावा मिळत नाही आणि ते खरेही नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी ही आपली मुख्य धान्ये मधमाशीवर अवलंबून नाहीत. अतिशयोक्तीने भय वाढते, समज वाढत नाही.

तरीही जे बिघडते ते थोडेथोडके नाही. जैवविविधतेसंबंधीच्या आंतरशासकीय मंचाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रकार काही ना काही प्रमाणात कीटक, पक्षी आदी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. म्हणजे पोट भरेल, पण ताटातील भाजी, फळे, तेलबिया, मसाले यांना ओहोटी लागेल.

आपल्याजवळचे उदाहरण कांद्याचे आहे. बुलढाणा-जालना पट्ट्यात कांद्याचे बीजोत्पादन होते. कांद्याच्या गोंड्यातील प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारा कोणीतरी लागतो आणि ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. गोंडे पांढरेशुभ्र फुलले, पण त्यांवर माशी नसली, तर बी कमी भरते. बी कमी भरले की पुढच्या हंगामात बियाण्याचा भाव चढतो आणि त्याची झळ अखेर आपल्या भाजीच्या पिशवीपर्यंत येते. पीककर्जाच्या अर्जात खत, बियाणे, मजुरी यांचे रकाने असतात; या फुकट मजुरीचा रकाना नसतो.

आपण काय करावे?

या विषयात सामान्य माणसाला करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टींना खर्च नाही.

पाणी : उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवावे व त्यात खडे किंवा नारळाच्या शेंड्या घालाव्यात, म्हणजे माशीला बसायला आधार मिळतो. नुसत्या खोल भांड्यात ती बुडते. पाणी रोज बदलावे, म्हणजे डासही होणार नाहीत.

फुले : तुळस दाट व्हावी म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो, एखादी कुंडी तरी माश्यांसाठी न खुडता ठेवावी. कोथिंबीर, बडीशेप, मेथी यांची दोन-चार रोपे फुलू द्यावीत. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, कडुनिंब, करंज ही झाडे आवारात असावीत. फुलझाडे निवडताना एकेरी पाकळ्यांची निवडावीत.

औषधे : शक्यतो फवारणी टाळावी. करावीच लागली तर उमललेल्या फुलांवर करू नये आणि ती सूर्यास्तानंतर करावी. कडुनिंबाचा अर्कही सकाळी मारू नये.

हाताने परागीभवन : माशी नसेल तेव्हा नराचे ताजे फूल सकाळी आठच्या आत तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, आतील पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या मागे इवला भोपळा असतो. मी हे करतो आणि भोपळे धरतात. मात्र वीस फुलांसाठी रोज सकाळी अर्धा तास वाकून उभे राहिले की माशीच्या कामाचे मोल पाठीला कळते.

मोहोळ : पोळे वर्दळीपासून दूर व उंचावर असेल तर ते तसेच राहू द्यावे, त्याच्या खाली धूर, फटाके, पतंग यांस मनाई करावी आणि दगड मारण्याच्या मोहापासून मुलांना आवरावे. खरोखर धोका असेल तर मोहोळ न जाळता, माश्या न मारता ते हलवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस बोलवावे. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून लगेच बंद खोलीत जावे. डंख ताबडतोब काढून टाकावा. डंख अनेक असतील किंवा श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांनी मधमाशीपालनाचा विचार करावा. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. केंद्र शासनाने २०२० साली राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद घोषित केली. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार मधमाशीपालन हा शेतीशी संलग्न व्यवसाय असून त्यासाठीचे कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोडते. ग्रामीण शाखांतील सहकाऱ्यांनी शेतकरी ग्राहकांशी बोलताना या विषयाचा आवर्जून उल्लेख करावा. मधाचे उत्पन्न हा त्यातील एक भाग झाला. शेजारच्या शेताला होणारा लाभ त्याहून मोठा असू शकतो.

एक नोंदवही

अखेरची सूचना आपल्या पेशाला साजेशी आहे. एक साधी वही घ्यावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी सात वाजता, ठरलेल्या एका झाडापाशी दहा मिनिटे उभे राहावे. किती माश्या आल्या, लहान की मोठ्या, झाडाला फुले किती होती, ऊन होते की ढग, एवढेच लिहावे. एका दिवसाच्या शिलकेवरून खात्याचा व्यवहार कळत नाही; वर्षाचा उतारा पाहावा लागतो. ‘यंदा माश्या कमी आहेत’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार अशी वही ठेवणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने येतो. पहिल्या वर्षी जे शून्य आपल्याला घाबरवते ते दुसऱ्या वर्षी ऋतूचे शून्य ठरू शकते. आणि जे शून्य ऋतू पालटूनही हलत नाही त्याचे कारण शोधावे लागते.

माझ्या वहीचे हे तिसरे वर्ष आहे. फुलोरी माश्या तुळशीवर नियमाने येतात. गेल्या पावसाळ्यानंतर लिंबाच्या झाडात त्यांचे एक छोटे पोळेही दिसले. सातेरी कधीतरी, चुकून एखादी. आग्या माशीच्या रकान्यात मात्र अजून रेघच आहे.

गेल्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव केला. आवारातील कोणतेही मोहोळ, ते प्रत्यक्ष धोक्याचे आहे असे जाणकाराने पाहून सांगितल्याखेरीज, काढू नये. आणि काढायचेच झाल्यास माश्या न मारता काढावे. काही सभासदांनी विरोध केला, त्यांचे म्हणणेही इतिवृत्तात नोंदवले आहे. ठरावाखाली खजिनदार म्हणून माझी सही आहे. या खेपेस मी कागद दोनदा वाचला.

वाचकांनी आपापल्या गावी, आपापल्या गच्चीवर किंवा परसात अशी वही सुरू करावी, ही विनंती. येत्या दिवाळीत मी टाकीकडे पुन्हा पाहणार आहे.